पावसाळ्यात वेदरिंग पावडर: तयार घ्यावी की गेरू-ऑक्साईड चालेल? आणि वरून मॅट स्प्रे मारायचा का?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

नमस्कार मंडळी. एचओमध्ये (खऱ्याच्या १/८७ आकाराचं मॉडेल) कोकण रेल्वेचं एक छोटं स्टेशन करतोय, एक लूप लाईन, बाजूला जांभ्याची कटिंग, कौलारू स्टेशन ऑफिस वगैरे, आणि त्यावर फिरवायला बॉक्सएन वॅगनची (वरून उघडी मालवाहू वॅगन) एक छोटी रेक आणि एक डब्ल्यूडीजी-४ डिझेल इंजिन आहे. वॅगनना अ‍ॅक्रिलिक रंग एअरब्रशने मारून झालाय, नंबरांच्या डेकल (चिकटवायच्या पातळ छापील पट्ट्या) लागल्यात, सगळं नीट बसलंय पण फार स्वच्छ दिसतंय, स्टेशनवर उभं राहून खरी मालगाडी जाताना बघितली की घरी येऊन आपल्या वॅगनकडे बघवत नाही.

तर आता वेदरिंग पावडर, म्हणजे मॉडेल जुनं-मळकं दिसावं म्हणून लावायची बारीक रंगीत पूड, वापरायची म्हणतोय. प्रश्न असे, एक म्हणजे ऑनलाईन टामियाचे छोटे डबे, वायेहो, एके, अमो असं बरंच काही दिसतं, त्यातलं नेमकं काय घ्यायचं, का आपला गेरू किंवा अंगणातली जांभ्याची मातीच चाळून वापरली तर चालते? दुसरं, पावडर लावून झाल्यावर वरून मॅट स्प्रे मारला तर पावडर गायब होते असं वाचलं, मग नाही मारला तर टिकणार कशी? कारण गणपतीत मुंबईची सगळी मंडळी येणार, घरात पोरं असणार आणि पोरं वॅगन उचलणारच, त्यांना नको म्हणवत नाही. आणि तिसरं म्हणजे इकडे पाऊस धो धो चालू आहे, कपडे वाळत नाहीत तिथे स्प्रे वाळेल का. जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

रेड_ऑक्साईड (रत्नागिरी)

वाशिष्ठीकाठ, छान विषय काढलास. पण ब्रँड कुठला हा प्रश्न नंतरचा रे, आधी हे ठरव की तुला वॅगनवर कुठली घाण दाखवायची आहे. गंज, माती, कोळशाची पूड, ब्रेकची धूळ आणि इंजिनाची काजळी या पाचही गोष्टी वेगळ्या दिसतात आणि वेगळ्या जागी बसतात, आणि बहुतेक लोक एकच 'रस्ट' नावाची बाटली घेऊन ती सगळीकडे फासतात, मग वॅगन जुनी न दिसता नुसती नारिंगी दिसते.

आता तुझ्या बॉक्सएनचं बघ. तिचा मूळ रंगच लालसर तपकिरी. त्यावर जांभ्याची लाल धूळ लावलीस तर ती दिसणारच नाही कारण दोन्हीचा रंग जवळजवळ एक, हे कोकण मॉडेल करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतं. ओली लाल माती डोळ्यांत भरते म्हणून आपण गडद लाल घेतो, पण वाळलेली धूळ बघ, रस्त्याकडेच्या झुडपांवर मे महिन्यात बसलेली असते ती, ती फिकी असते, थोडी नारिंगी थोडी गुलाबी. म्हणून लाल वॅगनवर धूळ उठून दिसायची तर लालमध्ये पिवळी आणि किंचित पांढरी पावडर मिसळून ती बरीच फिकी करून घ्यायची. हातात घेतल्यावर 'जरा जास्तच फिकी झाली' असं वाटलं की बरोबर झाली समज.

दुसरी गोष्ट, वॅगन काही कोकणातच जन्मभर राहत नाही, ती देशभर फिरते, त्यामुळे तिच्या अंगावरची मुख्य घाण कोळशाची आणि गंजाची. बॉक्सएनची आतली बाजू बघितलीयस का कधी पुलावरून? माल भरताना घासून आणि टिपलरवर उलटी करून रिकामी करताना आतला रंग पार निघालेला असतो, आत रंग नाहीच, गंज आणि कोळसा. तिथे मनसोक्त पावडर वापर, जुना गंज म्हणजे काळपट तपकिरी आधी सगळीकडे आणि त्यावर ताजा नारिंगी गंज फक्त मोजक्या ठिकाणी, कोपऱ्यांत काळी. बाहेरच्या बाजूला मात्र हात आखडता घे. उभ्या पट्ट्यांच्या कडा, दरवाजांच्या बिजागऱ्या, खालची सोल बार (तळाची लांब आडवी पट्टी), तिथून खाली ओघळ, बस. आणि एक सांगून ठेवतो, तुझ्या रेकमध्ये एखादी बॉक्सएनएचएल (बॉक्सएनचाच नवा प्रकार) असेल तर तिची बॉडी स्टेनलेस स्टीलची असते, तिला असा लालभडक गंज मारू नकोस, तिच्यावर राखाडी-काळी कोळशाची धूळच शोभते.

आता तयार मालाबद्दल. टामियाचं वेदरिंग मास्टर म्हणजे बायकांच्या मेकअपच्या कॉम्पॅक्टसारखं असतं, तीन रंगांच्या वड्या आणि सोबत स्पंजची कांडी, पावडर थोडी चिकट असते त्यामुळे उडत नाही आणि नवशिक्याला लगेच जमतं. तुला बी सेट (स्नो, सूट, रस्ट) आणि सी सेट (ऑरेंज रस्ट, गन मेटल, सिल्व्हर) उपयोगाचे, मातीसाठी ए. कडांवर आणि रिव्हेटवर हे फार सुंदर बसतं पण मोठ्या पृष्ठभागावर धुळीचा पातळ थर द्यायला ते नाही. त्यासाठी वायेहो, एके, अमो यांच्या बाटलीतल्या पिगमेंट, त्या म्हणजे नुसता बारीक दळलेला रंग, चिकटवणारं काही नसतं त्यात. या तिघांत उडदामाजी काळे गोरे करायला जाऊ नकोस, जे मिळेल ते घे. एक गडद गंज, एक फिकी धूळ, एक काळी, एवढ्या तीन बाटल्या घेतल्यास तरी एचओमध्ये वर्षानुवर्षं पुरतात.

रेड_ऑक्साईड (रत्नागिरी)

गेरूचं राहिलंच, वेगळं लिहितो कारण हा माझा आवडता भाग आहे.

गेरू, म्हणजे अंगणात रांगोळीखाली सारवायची काव, ती लोहाचा ऑक्साईडच, तयार बाटलीत जो 'रस्ट' असतो तोही लोहाचाच ऑक्साईड, त्यामुळे रंग उडायची भीती नाही. त्याहून चांगलं म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात फरशीच्या कोब्यात घालायचा लाल, पिवळा आणि काळा ऑक्साईड मिळतो तो आण. लाल-पिवळा-काळा या तिघांतून गंजाच्या आणि मातीच्या सगळ्या छटा होतात, थोडासा माल आणलास तरी आयुष्यभर संपणार नाही. फक्त काही दुकानांतल्या मालात भर घातलेली असते, ती जाडसर लागते, चिमटीत घेऊन बोटांमध्ये चोळून बघ, रवाळ लागली की नको.

अंगणातली माती वापरता येते पण तिच्यावर मेहनत आहे. वाळवायची, खलबत्त्यात कुटायची, मलमलच्या दुपदरी कापडातून चाळायची, आणि तरी ती पिगमेंटइतकी बारीक होत नाही. हिशोब कर, एक दशांश मिलिमीटरचा कण एचओमध्ये जवळजवळ नऊ मिलिमीटरचा खडा होतो, वॅगनच्या बाजूला असे खडे चिकटलेले कुणी पाहिलेत? म्हणून चाळलेली माती जमिनीसाठी, कटिंगसाठी, रुळांच्या कडेसाठी वापर, तिथे तिच्याइतकं खरं काही दिसत नाही, पण गाडीवर पिगमेंटच.

आणि मातीत लोहचुंबक फिरवल्याशिवाय ती लेआऊटवर आणायची नाही. कागदावर माती पसर, लोहचुंबक पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यातून फिरव, काळे कण उचलले जातील. किनाऱ्यावरची काळी वाळू असेल तर फारच. हे कण इंजिनाच्या मोटरमध्ये ओढले जातात आणि मग मोटर खराब होते. काळा ऑक्साईडही चुंबकाला चिकटतो, त्यामुळे तुझ्या डब्ल्यूडीजी-४ वर काळी पावडर लावायची असेल तर बॉडी काढून, चेसिस बाजूला ठेवून लाव.

काय वापरायचं नाही ते पण सांगतो. रांगोळी जाड असते. गुलाल, कुंकू, हळद यांना हात लावू नकोस, हळदीचा रंग उजेडात उडतो आणि पिठापासून केलेल्या गुलालाला आपल्याकडच्या पावसात बुरशी धरते. चुलीची राख दमट होते. ऑइल पेस्टल नको, तेलकट असतात. सॉफ्ट पेस्टलच्या कांड्या मात्र चालतात, चारशे नंबरच्या पॉलिश पेपरवर घासल्या की छान पूड पडते, छटाही खूप मिळतात.

तारकर्ली_वारा (मालवण)

रे वाशिष्ठीकाठ, पयलो मुद्दो, पावसात तो लॅकर स्प्रेचो डबो हातात घेव नको! (बाकीच्यांना पण कळावं म्हणून पुढचं साध्या मराठीत लिहितो.)

लॅकर स्प्रेमधलं सॉल्व्हंट झपाट्याने उडतं आणि उडताना पृष्ठभाग थंड करतं, हवेत बाष्प भरलेलं असेल तर ते त्या थंड पृष्ठभागावर धरतं आणि वार्निशच्या आत अडकतं, परिणाम म्हणजे मॉडेलवर पांढरं धुकं. टामियाचा टीएस-८० असो नाहीतर दुसरा कुठला, आषाढ-श्रावणात आपल्या किनाऱ्यावर हे होणारच, डब्याचा दोष नसतो. थोडं आलं असेल तर कोरड्या दिवशी त्याच वार्निशचा एक हलका हात मारला की बऱ्याचदा निघतं पण त्याच्या भरवशावर राहू नये.

मग काय करायचं, तर दोन मार्ग. घरात एसी असेल तर ड्राय मोडवर खोली तासभर कोरडी करून घे, मॉडेल पण त्याच खोलीत आधीपासून ठेव, आणि स्प्रे सोडून पाण्याचं मॅट वार्निश एअरब्रशने मार, त्यात धुकं धरायचा प्रकार लॅकरसारखा होत नाही, वाळायला मात्र वेळ लागतो. बाटली भरपूर हलवायची, तळाला मॅट करणारी पूड बसलेली असते, ती न ढवळता वापरली तर कधी चकाकी राहते कधी पांढरे डाग पडतात आणि लोक पावसाला नावं ठेवतात. दुसरा मार्ग म्हणजे पावसात स्प्रेच करू नये, तोवर पावडरचं काम फक्त खालच्या भागात करून ठेवावं आणि वरचा शेवटचा हात दसऱ्यानंतर. ज्यांना घाई नाही त्यांना मी हेच सांगतो.

पावडरच्या बाटल्यांबद्दल पण, झाकण उघडं ठेवून बसू नका, पावडर दमट झाली की गोळ्या होतात आणि ब्रशने लावताना धूळ न बसता ठिपके पडतात. थोडी पावडर चिनीमातीच्या बशीत काढून बाटली लगेच बंद करायची, आणि बाटल्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. दमट झालीच तर बशीत पसरून टेबल लॅम्पखाली ठेवावी. मॉडेल मात्र बल्बच्या फार जवळ ठेवू नका, मॉडेलचं प्लास्टिक (स्टायरीन) वाकतं.

अजून एक किनाऱ्याचं. हल्ली मिठाने रंगाचे टवके काढायची पद्धत लोक बघून करतात, म्हणजे ओल्या पृष्ठभागावर मीठ चिकटवायचं, वर रंग मारायचा, मग मीठ खरवडून काढायचं. दिसतं छान पण मीठ पाण्याने पूर्ण धुवून निघालं पाहिजे, एखादा कण वार्निशखाली राहिला तर आपल्या हवेत तो पाणी धरत राहतो. तसंच किनाऱ्यावरची वाळू लेआऊटवर घालायची तर गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन मगच.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

वा, इतकं सविस्तर अपेक्षितच नव्हतं, रेड_ऑक्साईड दादा आणि तारकर्लीकर दोघांचे आभार. फरशीचा ऑक्साईड उद्याच आणतो. आतल्या बाजूच्या गंजाचं तर डोक्यातच नव्हतं, मी आत फक्त कोळशाचा लोड टाकणार होतो.

पण मूळ अडचण तशीच आहे. पावडर नुसती ब्रशने लावली तर ती धरते कशावर? आणि पोरांनी हात लावला तर? माझ्या वॅगनवर डेकलच्या वर आत्ता ग्लॉस वार्निश आहे, कारण डेकल चंदेरी दिसू नये म्हणून आधी ग्लॉस मारावा असं वाचलं होतं.

रेड_ऑक्साईड (रत्नागिरी)

ग्लॉस मारलास ते बरोबरच केलंस, पण ग्लॉसवर पावडर धरणार नाही, ती खडबडीत पृष्ठभागाच्या बारीक खाचांत बसते. म्हणून क्रम असा की रंग, मग ग्लॉस, डेकल, पुन्हा ग्लॉसचा पातळ हात डेकलवर, मग मॅट, आणि तो मॅट पूर्ण वाळल्यावर पावडर. मॅट जितका नीट बसेल तितकी पावडर धरेल, बोटाने फिरवून बघ, पाटीच्या दगडासारखा किंचित खरखरीत लागला पाहिजे.

लावताना ब्रश मऊ आणि जाड घे, जनरल स्टोअरमधला मेकअपचा ब्रशही चालतो. बशीतून थोडी पावडर उचलायची, जास्तीची झटकायची, आणि नेहमी वरून खाली. गोल गोल घासायचं नाही, पावसाचं पाणी वरून खाली येतं म्हणून सगळे ओघळ उभेच असतात. पंखा बंद ठेव, आणि मास्क लाव, ही पूड इतकी बारीक असते की नाकात जातेच. पंखा बंद म्हणजे घाम येणार, घामेजल्या बोटांचे ठसे मॅटवर उमटतात आणि पावडर बरोबर त्या ठशावर धरते, म्हणून वॅगन हातात न धरता खालून एखाद्या लाकडी पट्टीला दुहेरी टेपने चिकटवून धर.

आता पक्कं करायचं म्हणशील तर सगळ्यात सुरक्षित म्हणजे पिगमेंट फिक्सर (पावडर धरून ठेवणारं तयार द्रावण) किंवा साधं मिनरल टर्पेंटाईन. ब्रशने पुसायचं नाही, ब्रश भिजवून नुसतं कोपऱ्याला टेकवायचं, ते आपोआप पावडरमध्ये पसरतं. ओलं असताना सगळं काळं पडतं आणि वाटतं वाया गेलं, घाबरू नकोस, वाळलं की परत फिकं होतं. फिक्सर घट्ट धरतं, नुसतं टर्पेंटाईन बेताचंच धरतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे व्हिडिओ खूप आहेत पण तुझा रंग अ‍ॅक्रिलिक आहे, अल्कोहोल त्याला सोडवतं, तू त्या वाटेला जाऊ नकोस.

माझं स्वतःचं मत विचारशील तर मी पावडरवर वार्निश मारतच नाही. पावडरचं सौंदर्यच तिच्या कोरडेपणात आहे, वर वार्निश आलं की ती रंग होऊन जाते, मग एवढी खटपट कशाला करायची, एअरब्रशनेच फिका रंग मारावा ना.

मिरकरवाडा_होडी

रेड_ऑक्साईड, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. मी मच्छीमार बोटींची मॉडेल करतो, ती प्रदर्शनात जातात, गाडीतून जातात, हातात घेऊन बघितली जातात, सील न करता चालतच नाही. आणि घरात पोरं असतील तर वार्निश नको असं सांगणं म्हणजे प्रश्नकर्त्याला मॉडेल कपाटात ठेवायला सांगण्यासारखं आहे. त्यांना तर गाड्या चालवायच्या आहेत.

पावडर वार्निशखाली गायब होते हे खरं, पण सगळी सारखी नाही होत. गडद गंज आणि काळा बऱ्यापैकी टिकतात, फिकी धूळ आणि पांढरी जवळजवळ नाहीशी होते. ते माहीत असलं की उपाय सोपा, थरांत काम करायचं. पहिला थर हवा त्यापेक्षा जरा जास्त, त्यावर लांबून मॅटची नुसती वाफ, ओला हात नाही, वाळलं की दुसरा थर, परत वाफ. दोन-तीन थरांनंतर जे राहतं ते पक्कं, आणि खोलीही येते, एका थरात कधीच येत नाही तशी. फिकी धूळ मात्र सगळ्यात शेवटी आणि ती तशीच ठेवायची किंवा ती पावडरने न करता पातळ फिक्या रंगाने एअरब्रश करायची.

बोटीवरचा गंज वॅगनला पण लागू पडतो म्हणून सांगतो. लाकडी बोट गंजत नाही, फायबरची पण नाही, गंजतो तो खिळा, कडी, नांगराची साखळी जिथून जाते तो भाग. म्हणजे गंज नेहमी कुठून तरी सुरू होतो. आधी तो बिंदू ठरवायचा, तिथे गडद पावडरचा ठिपका, आणि टर्पेंटाईनमध्ये भिजवून टिश्यूवर जवळजवळ कोरडा केलेला चपटा ब्रश त्या ठिपक्यावरून खाली एकदाच ओढायचा. ओघळ वर जाड, खाली विरत जातो. ज्या ओघळाचा उगम सांगता येत नाही तो पुसून टाकायचा. माझ्या मते वेदरिंगमधलं निम्मं काम एवढंच आहे. मिरकरवाडा जेटीवर अर्धा तास उभं राहून बोटींचे फोटो काढलेत तर यूट्यूबपेक्षा जास्त शिकायला मिळतं.

रेड_ऑक्साईड (रत्नागिरी)

होडीकर, प्रदर्शनाचं मॉडेल आणि हाताळायचं मॉडेल यासाठी तुमचं म्हणणं मान्य. पण वॅगन पोरं धरतात कुठे ते बघा, अंगठा आणि बोट बरोबर दोन बाजूंच्या मध्यावर पडतात. मग वाशिष्ठीकाठने असं करावं की बाजूंच्या मधल्या भागातला सगळा परिणाम रंगाने आणि ऑइल पेंटच्या वॉशने (खूप पातळ केलेल्या रंगाने) करावा, त्यावर मॅट, आणि पावडर फक्त अंडरफ्रेम (खालचा सांगाडा), बोगी (चाकांचा गाडा), आतली बाजू आणि खालची कड इथे, जिथे बोट जात नाही. तिथे वार्निशची गरजच नाही आणि पावडरचा कोरडेपणाही राहतो. तुमचं थरांचं तंत्र फक्त बाजूंवर ज्याला पावडरच हवी असेल त्याच्यासाठी.

बोगीवर ब्रेकची धूळ दाखवायला विसरू नकोस रे. कास्ट आयर्नच्या ब्रेक ब्लॉकची पूड उडून चाकांवर, बोगीच्या फ्रेमवर बसते आणि गंजून तपकिरी होते, जुन्या वॅगनच्या बोगी त्यामुळे बॉडीपेक्षा वेगळ्याच रंगाच्या दिसतात, गंजापेक्षा गडद आणि मातीपेक्षा थंड अशी एक तपकिरी. लाल ऑक्साईडमध्ये काळा जरा हात सोडून मिसळलास की ती छटा मिळते.

घाटातली_लालपरी

मी रेल्वेवाला नाही, एसटी बसची मॉडेल करतो, पण एक मुद्दा सांगायचाच आहे. सगळे गाड्यांवर एवढी मेहनत घेतात आणि इमारत तशीच कोरी ठेवतात, कोकणातलं स्टेशन करताय तर घाण सगळ्यात जास्त इमारतीवर असते! पावसाचे थेंब लाल मातीवर आपटून भिंतीवर उडतात, त्यामुळे प्रत्येक भिंतीला खाली दीड-दोन फुटांचा लाल पट्टा असतो, म्हणजे एचओमध्ये साधारण पाच ते सात मिलिमीटर. वरची कड सरळ नाही, वर विरळ खाली दाट. हा पट्टा पावडरचा केला तर इतका खरा दिसतो की विचारू नका, आणि भिंतीला कुणी हात लावत नाही म्हणून सील पण नको. पागोळ्या पडतात तिथे जमिनीत बारीक चर आणि त्याच्या समोरच्या भिंतीवर पट्टा जास्त गडद. वरच्या बाजूला कौलांच्या खाली, पन्हळीच्या सांध्याखाली काळं-हिरवं शेवाळ, त्यासाठी काळ्यात किंचित हिरवी पावडर, ओलसर करून ठिपक्या-ठिपक्यांनी. उन्हाळा दाखवायचा असेल तर हेच शेवाळ वाळून काळं झालेलं असतं, हिरवं वापरू नका.

आणि तुमच्या स्टेशनबाहेर एखादी एसटी उभी केलीत तर तिची मागची बाजू सगळ्यात धुळकट करा. चालत्या गाडीमागे हवेची पोकळी तयार होते आणि धूळ तिथे ओढली जाते, त्यामुळे पुढून बरी दिसणारी बस मागून पार लाल असते. पुढच्या काचेवर वायपरची कमान स्वच्छ ठेवायची, मास्किंग टेप कमानीच्या आकारात कापून काचेवर लावा, पावडर मारा, टेप काढा. चाकांच्या मागे मडगार्डवर चिखल हवा असेल तर पावडरमध्ये मॅट मीडियम मिसळून ब्रशवरून काडीने उडवायचा, पण आधी कागदावर उडवून ठिपक्यांचा आकार बघा.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

हा लाल पट्टा मी रोज बघतो, आमच्या घराला पण आहे, आणि मॉडेलवर करायचं सुचलं नव्हतं. धन्यवाद लालपरी!

तर आता माझा बेत असा, बाजूंच्या मधे रंग आणि वॉश, पाण्याचं मॅट एअरब्रशने (मेव्हण्याकडे एसी आहे, त्याच्याकडे घेऊन जातो), आत आणि खाली ऑक्साईडची पावडर, फिक्सर कोपऱ्यांना. टामियाचा बी सेट मागवतो कडांसाठी. इमारतीला लाल पट्टा. शेवटचे दोन प्रश्न, इंजिनावर काजळी किती दाखवायची? डिझेलचा काळ दाखवतोय, म्हणजे विजेच्या तारा नाहीत. आणि चाकांना पावडर लावायची का?

तारकर्ली_वारा (मालवण)

काजळी छतावर, एक्झॉस्टच्या तोंडाभोवती आणि तिथून मागे, बास. पूर्ण छत काळं नको, एक्झॉस्टजवळ गडद आणि दूर जाताना विरत जाणारी. बोगद्यांमुळे आपल्या मार्गावरची डिझेल इंजिनं वरून कळकट असायची, करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा, त्यामुळे मैदानातल्या इंजिनापेक्षा जरा जास्त काळं केलंस तरी चालेल. फक्त नुसता काळा वापरू नको, काळ्यात थोडा तपकिरी मिसळ, नुसता काळा स्केलमध्ये भोकासारखा दिसतो. आणि काजळी म्हणून दिव्याची खरी काजळी धरून लावू नको, ती तेलकट असते, एकदा लागली की निघत नाही.

उद्या कधी विजेचं इंजिन घेतलंस तर, २०२२ मध्ये अख्ख्या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं, त्या इंजिनांच्या छतावर काजळी नसते, पँटोग्राफ तारेला घासून पडलेली गडद तपकिरी पूड असते. तिथे काळ्यापेक्षा तपकिरी वापर.

रेड_ऑक्साईड (रत्नागिरी)

चाकांचं मी सांगतो. चाकाचा बाहेरचा दिसणारा चेहरा रंगव आणि त्यावर ब्रेकची तपकिरी पावडर लाव, नवं चकचकीत चाक सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतं. पण रुळावर टेकते ती कड आणि एक्सलची टोकं कोरी ठेवायची. इंजिनाची चाकं तर रुळातून करंट घेतात, तिथे पावडर गेली की इंजिन अडखळायला लागतं, आणि वॅगनच्या चाकांवरची पावडर रुळावर उतरून तिथून इंजिनापर्यंत पोचते. म्हणून चाकं आधी काढून घे, वेगळी कर, कड टर्पेंटाईनच्या चिंधीने पूस आणि मग परत बसव. कपलरच्या (वॅगन जोडायच्या हुकाच्या) स्प्रिंगजवळ ब्रश नेऊच नकोस, पावडर अडकली की कपलर परत मधे येत नाही आणि शंटिंग करताना वॅगन जोडल्या जात नाहीत. पोरं येण्याआधी रेक रिकामीच दहा-पंधरा फेऱ्या फिरव, जी पावडर सुटायची ती सुटेल, मग रूळ एकदा पुसून घे. आणि पहिली वॅगन झाली की बाकीच्या करण्याआधी दिवसाउजेडी खिडकीत ठेवून फोटो टाक इथे, ट्यूबलाईटखाली धुळीचा रंग नेहमी फसवतो.